वसाहतीचा नकाशा आणि कारकुनाची पावले

व्यायाम हा शब्द उच्चारताच मराठी मनासमोर तालीम उभी राहते. लाल माती, जोर-बैठका, मलखांब, औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघरी नेलेले सूर्यनमस्कार, बडोद्याचे जुम्मादादा व्यायाममंदिर ही आपल्या देहसाधनेची मानचिन्हे होत. या परंपरेचा आम्हांस अभिमान आहे. परंतु तिच्यामुळे एक समजूतही आपल्यात दृढ होऊन बसली आहे. शरीर हलविणे हा सर्वस्वी ज्याच्या त्याच्या निश्चयाचा प्रश्न आहे, ही ती समजूत. पहाटे उठला तो निरोगी, न उठला तो आळशी, असा आपला सरळ हिशेब. या हिशेबात एक मोठी रक्कम जमेस धरावयाची राहून जाते. मनुष्य दिवसभरात जी पावले टाकतो त्यांतील फारच थोडी व्यायाम म्हणून टाकलेली असतात. बाकीची दूध आणण्यासाठी, मुलाला शाळेत पोचविण्यासाठी, भाजी घेण्यासाठी आणि कचेरी गाठण्यासाठी पडतात. ती किती पडावीत, हे त्याच्या निश्चयापेक्षा त्याच्या वस्तीचा नकाशा ज्याने काढला त्याच्या रेघांवर अधिक अवलंबून असते.

केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्या आपल्यासारख्यांना हे विशेष लागू आहे. सामान्य गृहस्थ आपले घर निदान निवडतो. आपल्याला ते वेतनश्रेणीप्रमाणे आणि प्रतीक्षायादीतील क्रमांकाप्रमाणे मिळते. ज्या नकाशात आपण दहा-वीस वर्षे राहतो तो कोणी, केव्हा आणि कोणासाठी काढला, याची चौकशी मात्र आपण सहसा करीत नाही. ती करावयाची तर दिल्लीसारखे दुसरे क्षेत्र नाही. एकाच धन्याने, एकाच वर्गाच्या सेवकांसाठी, शंभराहून अधिक वर्षे, निरनिराळ्या विचारांच्या वसाहती येथे बांधल्या. त्यांचा इतिहास चाळला असता वस्तीची रचना आणि रहिवाशांची हालचाल यांचा संबंध स्पष्टपणे दिसू लागतो.

आरंभ जुन्या दिल्लीपासून केला पाहिजे. शाहजहानने १६३९ मध्ये आपल्या नव्या राजधानीचा पाया घातला आणि १६४८ मध्ये तो तेथे राहावयास आला. तटाच्या आतील हे शहर पायांच्या मापाने बेतलेले होते. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा चांदनी चौक सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे. मध्यम चालीने पंधरा-वीस मिनिटांचे अंतर. त्याच्या दोन्ही अंगांस मोहल्ले, कूचे, कटरे आणि गल्ल्या. जेथे माल बने त्याच्याच वरच्या मजल्यावर किंवा पाठच्या गल्लीत कारागीर राही. धनिकाला पालखी वा घोडा असे. पण गवंडी, जरीकाम करणारा, हलवाई, मुनशी या सर्वांचे शहर एका दमात चालून जाता येईल एवढेच होते. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. गर्दी, अंधार, सांडपाणी आणि रोगराई यांनी ती वस्ती पुढे पुढे गांजली होती. तथापि तेथील मनुष्य चालत होता, आणि त्यासाठी त्याला वेगळा निश्चय करावा लागत नव्हता.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली. तात्पुरते सचिवालय शहराच्या उत्तरेस उभे राहिले आणि त्याच्याजवळ तिमारपूर येथे कारकुनांसाठी घरे बांधली गेली. कायमच्या राजधानीची जागा व आराखडा ठरविण्यासाठी १९१२ मध्ये जी समिती आली तिचे अध्यक्ष जॉर्ज स्विंटन होते. एडविन लट्यन्स आणि जॉन ब्रॉडी हे तिचे सदस्य. पुढे हर्बर्ट बेकर आले, आणि १३ फेब्रुवारी १९३१ रोजी नव्या दिल्लीचे औपचारिक उद्घाटन झाले.

या नव्या दिल्लीचे सौंदर्य कोणी नाकारणार नाही. जांभूळ, कडुलिंब, अर्जुन, चिंच यांच्या रांगांनी सजलेले तिचे रस्ते आजही उन्हाळ्यात डोळ्यांना आणि डोक्याला दिलासा देतात. परंतु हा आराखडा दृष्टीसाठी आणि वाहनासाठी काढलेला होता. षट्कोनांच्या कोपऱ्यांवर मोठमोठे चौक, मैलभर सरळ जाणारे मार्ग, आणि दोन्ही बाजूंस उंच कुंपणाआड दडलेले बंगले. बंगल्यामागून बंगला ओलांडत जावे तरी मध्ये ना दुकान, ना पाणपोई, ना बसावयास ओटा. नकाशात घरे हुद्द्याप्रमाणे वाटलेली होती : वरिष्ठ अधिकारी येथे, कनिष्ठ तेथे, युरोपियन कारकून एका बाजूस आणि हिंदी कारकून दुसऱ्या. हिंदी कारकुनांच्या वाट्यास सचिवालयाच्या उत्तरेकडील, जुन्या शहराकडे झुकलेला भाग आला. १९२१ मध्ये बांधलेले गोल मार्केट हे त्या वस्तीचे केंद्र. ज्याच्या दाराशी मोटार होती त्याच्यासाठी प्रशस्त रस्ते, आणि ज्याला आपल्या पायांवर किंवा सायकलीवर विसंबावयाचे त्याच्यासाठीही तेच रस्ते. दहाच्या सुमारास सचिवालयाकडे जाणारा आणि पाचनंतर परतणारा सायकलस्वार बाबूंचा लोंढा हे पुढे कित्येक वर्षे नव्या दिल्लीचे नित्याचे दृश्य होते.

येथे एक गमतीची गोष्ट घडली. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांना मोठी बाग होती. पण घराबाहेर पायी जाण्यासारखे काही नव्हते. कारकुनांच्या चाळवजा घरांना बाग नव्हती. पण गोल मार्केट हाकेच्या अंतरावर होते. भाजी, किराणा, वैद्य, शाळा, शेजारी ही सारी पायांच्या टप्प्यात. हुद्द्याने खालच्या माणसाला नकाशाने नकळत चालते ठेवले आणि वरच्या माणसाला बसवून टाकले. बंगल्यातील साहेबाला मग हालचालीसाठी टेनिस आणि घोडा यांची तजवीज वेगळी करावी लागली.

रुंद रस्ते म्हणजे सुधारणा, या मताला त्याच काळात एक विरोधक हिंदुस्थानात आला होता. पॅट्रिक गेडीज यांनी १९१४ पासून काही वर्षे या देशातील अनेक शहरांची पायी हिंडून पाहणी केली. ते १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. जुन्या वस्तीतून सरळ रस्ता आरपार काढणे त्यांना शस्त्रवैद्याने हातपाय तोडण्यासारखे वाटे. पडकी घरे तेवढी काढावीत, मोकळ्या झालेल्या जागी झाड लावावे, विहीर साफ करावी, बोळ चालण्याजोगे करावेत, असा त्यांचा उपचार होता. मराठी वाचकांस विशेष जवळचे असे त्यांचे कार्य होळकरांच्या इंदुरात झाले. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी नगरप्रदक्षिणेची एक मिरवणूक आखली. ज्या भागातील रस्ते सर्वांत स्वच्छ त्या भागातून ती जाणार, असे जाहीर होताच लोकांनी चढाओढीने आपापल्या गल्ल्या झाडल्या, घरे रंगविली, उकिरडे उपसले. मिरवणुकीत प्लेगच्या राक्षसाची प्रतिमाही होती. १९१८ मध्ये इंदूरच्या दरबारास त्यांनी दोन खंडांचा अहवाल सादर केला. शहराचा विचार चालणाऱ्याच्या डोळ्यांनी करावा, ही त्यांची दृष्टी. नव्या दिल्लीच्या आखणीत मात्र त्या दृष्टीला स्थान मिळाले नव्हते.

तिकडे अमेरिकेत मोटारींची संख्या झपाट्याने वाढत होती आणि रस्त्यावर मुले दगावत होती. या चिंतेतून क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्क परिसराच्या आराखड्यासाठी 'शेजार-एकका'ची कल्पना मांडली. तिचे गमक मोठे साधे आहे. वस्तीच्या मध्यभागी प्राथमिक शाळा ठेवावी. कोणत्याही घरापासून ती सुमारे पाव मैल, म्हणजे चारशे मीटर, अंतरावर असावी. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत, पोटातून जाऊ नयेत. दुकाने कोपऱ्यांवर असावीत. आणि जमिनीचा दहावा हिस्सा तरी मैदाने व बागा यांसाठी सोडावा. सहा-सात वर्षांच्या मुलाला एकट्याने, हमरस्ता न ओलांडता, शाळेत जाता यावे, हे या रचनेचे माप. आमच्या मते नगररचनेच्या इतिहासातील हे एक अत्यंत मानवी माप होय. जी वाट मुलाला चालता येते ती त्याच्या आजीलाही येते.

ही कल्पना स्वातंत्र्याबरोबर आपल्याकडे रुजली. ओटो केनिग्झबर्गर यांनी १९४८ मध्ये भुवनेश्वरची आखणी शेजार-एककांनी केली. चंडीगढचा पहिला आराखडा आल्बर्ट मायर यांनी १९५० मध्ये मांडला. पुढे ल कॉर्बुझिए यांनी त्याला जो चौकटीचा आकार दिला त्यातील प्रत्येक 'सेक्टर' ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब आहे. वेगवान वाहने सेक्टरच्या बाहेर, बाजाराची वाट आडवी आतून, आणि हिरवा पट्टा उभा आतून. मायर हेच नंतर दिल्लीच्या बृहत् आराखड्यासाठी आलेल्या तज्ज्ञमंडळाचे प्रमुख होते, आणि तो आराखडा १ सप्टेंबर १९६२ पासून अमलात आला.

दिल्लीतील सरकारी वसाहतींत या विचाराची चाहूल त्याआधीच लागली होती. इंग्रज राजवटीने १९४० च्या दशकात बांधलेल्या लोदी कॉलनीत उंच कमानींतून आत शिरले की घरांनी वेढलेली मोकळी अंगणे लागतात. त्यानंतर १९५० च्या दशकात विनयनगर उभे राहिले. त्याचेच भाग पुढे सरोजिनीनगर आदी नावांनी ओळखले गेले. मग रामकृष्णपुरमचे सेक्टर आले. या वसाहतींची बांधणी साधी, किंबहुना ओबडधोबड होती. दुमजली घरे, मध्ये चौकोनी मैदान, मागून गल्ली, थोड्या अंतरावर शाळा आणि बाजार. १९५४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा दवाखाना, १९५९ पासून दिल्ली दूध योजनेची खिडकी, १९६३ पासून केंद्रीय भांडाराचे दुकान, अशी एकेक भर पडत गेली. यांपैकी बहुतेक ठिकाणी गृहिणी पिशवी घेऊन पायी जाई, मुले घोळक्याने शाळेत जात, आणि निवृत्तीला आलेले बाबू संध्याकाळी मैदानाभोवती फेऱ्या मारीत. यांतल्या कोणी 'व्यायाम करतो' असे म्हटले नसते.

या रचनेतही उणिवा होत्या, हे सांगितले पाहिजे. घर पायांच्या टप्प्यात आले. पण कचेरी दूर गेली. गोल मार्केटातला कारकून दोन-अडीच किलोमीटरांवर होता. विनयनगरातल्याला पाच-सहा किलोमीटर जावे लागे. सायकल मागे पडली, बसची रांग आली, पुढे स्कूटर आणि मग मोटार. पुरुषाच्या दिवसातील हालचाल नकाशाने हिरावून घेतली, ती वसाहतीत उरली मुख्यतः स्त्रियांच्या आणि मुलांच्या वाट्याला. शासकीय वसाहतींचा इतिहास लिहिताना पुरुषाच्या कचेरीच्या वाटेचीच नोंद होते. मंडईच्या वाटेची होत नाही, हा आपल्या दप्तरांचा जुना दोष आहे.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. १९५३ मध्ये जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, दिवसातून शेकडो पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण कमी आढळले. याच संशोधनाचा दुसरा भाग आपल्या अंगाला अधिक झोंबणारा आहे. टपालखात्यात पायी वा सायकलीवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांची तुलना केली असता तेथेही कारकुनांचीच बाजू लंगडी ठरली. पोस्टमन काही तालमीत जात नव्हता. त्याचे काम त्याला चालवीत होते.

वस्तीच्या रचनेविषयीचा थेट पुरावा अलीकडचा आहे. जेम्स सॅलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १० देशांतील १४ शहरांची पाहणी प्रसिद्ध केली. ६,८२२ प्रौढांच्या हालचाली यंत्राने मोजण्यात आल्या होत्या. चालण्यास अत्यंत अनुकूल वस्तीतील रहिवासी आणि अत्यंत प्रतिकूल वस्तीतील रहिवासी यांच्यात आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटांचा फरक आढळला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ मनुष्यास आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. म्हणजे त्या मापाचा जवळजवळ अर्धा वाटा नुसता पत्ता बदलल्याने पदरात पडतो. अनुकूलतेची लक्षणे चार निघाली : घरांची दाटी, रस्त्यांच्या छेदनांची संख्या, सार्वजनिक वाहनांचे थांबे आणि चालत गाठता येतील अशी उद्याने. या चार लक्षणांशी शाहजहानाबाद आणि जुने विनयनगर ताडून पाहावे. आणि मग लट्यन्स यांचे बंगले.

त्या १४ शहरांत भारतातील एकही नव्हते. परंतु आपल्याकडचा पुरावाही बोलका आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगढ येथील निम्म्याहून अधिक प्रौढ निष्क्रिय आढळले. आणि केवळ आवड म्हणून खेळणारे वा व्यायाम करणारे शेकडा दहांहूनही कमी. याचाच अर्थ असा की, निश्चयावर भिस्त ठेवली तर नव्वद माणसे हिशेबाबाहेर राहतात. मधुमेहाच्या रुग्णांची देशातील संख्या १० कोटींवर गेल्याचे त्याच मालिकेतील २०२३ च्या अहवालाने दाखविले. उलट चेन्नईच्या आशियाड कॉलनी या मध्यमवर्गीय वसाहतीचे उदाहरण पाहा. मधुमेहाचे संशोधक तेथे व्यायामाचा उपदेश करीत होते. तो रहिवाशांना पटला, आणि त्यांनी आपल्या पैशांनी वसाहतीत उद्यान उभारले. आठवड्यातून तीनहून अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण काही वर्षांत १४ टक्क्यांवरून सुमारे ५९ टक्क्यांवर गेले. उपदेश वाया गेला नाही, हे खरे. पण त्याला पाय ठेवावयास जागा मिळाली तेव्हा तो फळास आला. मुंबईकरांना हे शिवाजी पार्कने कधीच शिकविले आहे. १९२५ पासून लोकांसाठी खुले असलेले ते सुमारे २८ एकरांचे मैदान आणि त्याचा कठडा नसता, तर दादरच्या कित्येक पिढ्यांची संध्याकाळ घरातच गेली असती.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण असे की, दिल्लीचा नकाशा पुन्हा काढला जात आहे. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, कस्तुरबानगर, त्यागराजनगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर या सात वसाहतींच्या पुनर्बांधणीस मान्यता दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी घरे, असा तो संकल्प होता. २०१८ च्या जूनमध्ये तेथील हजारो झाडांच्या तोडीविरुद्ध नागरिक रस्त्यावर आले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोड थांबविली. त्यानंतर आराखड्यात झाडे वाचविण्यासाठी फेरबदल झाले. झाडांसाठी लोक उभे राहिले, हे उत्तमच झाले. त्याच आराखड्यातील पायवाटांविषयी मात्र तेवढा गलबला झाला नाही.

उंच इमारतींना आमचा तात्त्विक विरोध नाही. ज्या सेवकांना घरासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते त्यांच्यासाठी घरे वाढलीच पाहिजेत, आणि दाटी ही चालण्याची वैरीण नसून सखी आहे, हे वर आलेच आहे. प्रश्न जमिनीवरच्या पातळीचा आहे. उद्वाहनाने थेट तळघरात उतरावे, तेथून मोटारीत बसावे आणि एकाच पहारा असलेल्या फाटकातून हमरस्त्यावर निघावे, अशी रचना झाली तर जवळची शाळाही दूर होते. कारण भिंतीला वळसा घालून जाताना चारशे मीटरांचे बाराशे होतात. मग मुलाला मोटारीने सोडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्या मोटारीमुळे उरलेल्या मुलांनाही पायी जाणे धोक्याचे होते. जुन्या वसाहतींतही हेच घडत आहे. चोरांच्या भयाने रहिवासी संघ मागच्या गल्लीची फाटके कुलूपबंद करतात. चोराला दुसरी वाट सापडते. मंडईला निघालेल्या वृद्धेला ती सापडत नाही.

या अंकाचे पुष्कळसे वाचक अशा आसनांवर आहेत की, ज्यांच्यापुढून वसाहतींचे आराखडे, दुरुस्तीचे अंदाज आणि भिंतींच्या निविदा जातात. काही वाचक आपल्या रहिवासी संघांचे चिटणीस आहेत. त्यांस आमची विनंती एवढीच की, कागदावर स्वाक्षरी करण्यापूर्वी पेरींचे माप त्यावर लावून पाहावे. सात वर्षांचे मूल या नकाशात एकटे शाळेत जाऊ शकेल काय? त्याच्या आजीला औषध आणावयास किती पावले पडतील, आणि वाटेत तिला बसावयास सावली मिळेल काय? फाटके किती, आणि त्यांतील पायी माणसासाठी उघडी किती? या प्रश्नांना कोणत्याही तज्ज्ञसमितीची गरज नाही. एक फूटपट्टी आणि पाच मिनिटे पुरतात.

आपल्या बदल्या होतात. दोन-चार वर्षांनी आपण लखनौ, शिलाँग वा हैदराबादच्या दुसऱ्या एखाद्या क्वार्टरात सामान उतरवितो. नकाशा मात्र मागे राहतो आणि आपल्यानंतर येणाऱ्या कुटुंबाला तो चालवितो किंवा बसवितो. विनयनगरचे आराखडे ज्यांनी मंजूर केले त्यांची नावे आज तेथील रहिवाशांना ठाऊक नाहीत; परंतु त्यांनी शाळा जेथे ठेवली तेथे तीन पिढ्यांची मुले पायी गेली.